घरच्या माणसांची ओळख, मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये

स्पॅनिशच्या कुठल्याही पहिल्या पुस्तकात नाव, गाव आणि नमस्कार झाले की लगेच कुटुंबाचा धडा येतो. युरोप परिषदेने २००१ साली भाषा शिकण्याच्या पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. तिच्या अगदी पहिल्या पायरीवर, म्हणजे ए-१ला, स्वतःची आणि दुसऱ्याची ओळख करून देता यावी आणि ओळखीच्या माणसांबद्दल साधे प्रश्न विचारता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. ऐकायला हे फार थोडं वाटतं. पण आपल्या माणसांबद्दल परक्या भाषेत दहा खरी वाक्यं बोलायची म्हटली, की त्या भाषेचं निम्मं व्याकरण समोर येऊन उभं राहतं. म्हणूनच मला हा धडा सगळ्यात जास्त आवडला.

आमचं पुस्तक इंग्रजीतून शिकवणारं होतं आणि सरावाचं ॲपही तसंच. प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत समजून घ्यायचं, मग मनात मराठीत आणायचं आणि मग स्पॅनिश पाठ करायचं, असा तो लांबचा फेरा होता. कुटुंबाच्या धड्याला मी इंग्रजी बाजूला ठेवलं. वहीच्या डाव्या पानावर मराठी वाक्य आणि उजव्या पानावर स्पॅनिश, असं लिहायला लागले. त्यानंतर गोष्टी इतक्या भराभर उलगडत गेल्या की मराठी माणसाने स्पॅनिश असंच शिकावं, असं माझं ठाम मत झालं.

शब्दांची यादी तशी लवकर पाठ होते, कारण बहुतेक नाती जोडीने येतात. एर्मानो म्हणजे भाऊ, एर्माना बहीण. ईखो मुलगा, ईखा मुलगी. अबुएलो-अबुएला म्हणजे आजोबा-आजी, निएतो-निएता नातू-नात, प्रीमो-प्रीमा चुलत-मावस-आते-मामे भावंडं, सोब्रीनो-सोब्रीना भाचे-पुतणे. शेवटी ओ आला की पुरुष, आ आला की स्त्री. पाद्रे-माद्रे म्हणजे वडील-आई आणि येर्नो-नुएरा म्हणजे जावई-सून, या जोड्या तेवढ्या वेगळ्या आहेत. लाडाने आईला 'मामा' म्हणतात, जोर शेवटच्या अक्षरावर. आपला मामा तिकडे 'तीओ' होतो. उच्चारांचा त्रास आपल्याला कमीच. त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. लिहिलेला ह उच्चारायचाच नाही. ईखो-ईखामधला 'ख' मात्र आपल्या खोकल्यातला नाही, तो घशातून घासत येतो.

अनेकवचनाची रीत नीट समजून घ्यावी लागते. पुल्लिंगी अनेकवचन मिश्र गटालाही चालतं. पाद्रेस म्हणजे आई-वडील, अबुएलोस म्हणजे आजी-आजोबा, ईखोस म्हणजे मुलंबाळं. त्यामुळे कुणी 'तिएनेस एर्मानोस?' असं विचारलं, तर तो प्रश्न फक्त भावांबद्दल नसतो, भावंडांबद्दल असतो. मला एकच मोठी बहीण आहे. माझं उत्तर 'सी, तेन्गो उना एर्माना मायोर' असं होकारार्थीच सुरू होतं. इंग्रजीतून येणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागतो. पारिएन्तेस हा शब्द आई-वडिलांसाठीच्या इंग्रजी शब्दासारखा दिसतो, पण त्याचा अर्थ आहे नातेवाईक. मराठीतून गेलं की हा खड्डा वाटेत येतच नाही.

मराठीत जिथे बारकावा आहे तिथे स्पॅनिश हात आखडता घेते. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे तीओ. दीर, मेव्हणा, बहिणीचा नवरा, सगळे कुन्यादो. मला माझ्या धाकट्या मामाबद्दल लिहायचं होतं आणि नुसतं 'मी तीओ' (म्हणजे माझा तीओ; स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे माझा) लिहून माझं समाधान होईना. आमच्या प्रोफे, म्हणजे शिकवणाऱ्या बाई (स्पॅनिश वर्गात शिक्षकांना विद्यार्थी असंच म्हणतात), त्यांनी दोन वाटा दाखवल्या. एक, 'मी तीओ पोर पार्ते दे माद्रे', आईकडून माझा तीओ. दुसरी, नातं उलगडूनच सांगायचं: 'मी तीओ, एल एर्मानो मेनोर दे मी माद्रे', माझ्या आईचा धाकटा भाऊ. मला दुसरी आवडली. त्यात मायोर आणि मेनोर, थोरला आणि धाकटा, यांचा सराव आपोआप होतो. शिवाय नात्यांची साखळी 'दे' लावून वाढवत नेता येते. एके ठिकाणी मात्र स्पॅनिश आपल्या अगदी जवळ येते. मुलाच्या सासऱ्यांना आपण व्याही म्हणतो आणि सासूबाईंना विहीण. तिकडे त्यांना कोन्सुएग्रो आणि कोन्सुएग्रा म्हणतात. इंग्रजीत या नात्याला रुळलेला एकशब्दी पर्याय नाही, त्यामुळे इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं ते बहुधा वगळतात.

मग 'माझा' आणि 'त्याचा'. मराठीत माझा भाऊ, माझी बहीण, माझे बाबा, माझ्या बहिणी असं रूप बदलतं. स्पॅनिशमध्ये एकाला 'मी' आणि अनेकांना 'मिस', बस्स. 'आमचा' म्हणजे नुएस्त्रो मात्र आपल्यासारखंच लिंगाप्रमाणे बदलतं: नुएस्त्रो अबुएलो, नुएस्त्रा अबुएला. 'सु' तेवढा जपून वापरायचा. त्याचा, तिचा, त्यांचा, तुमचा, या सगळ्यांना हा एकच शब्द आहे. बहिणीबद्दल आणि तिच्या नवऱ्याबद्दल एकाच परिच्छेदात लिहिताना 'सु माद्रे' म्हणजे कुणाची आई, हे कळत नाही. अशा वेळी 'ला माद्रे दे एल' किंवा 'ला माद्रे दे एया' असं फोडून लिहितात.

बाबांवर लिहायला बसले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. आपण आईबद्दल 'आई उंच आहे' म्हणतो आणि बाबांबद्दल 'बाबा उंच आहेत'. बाबांना आदराचं अनेकवचन लागतं. स्पॅनिशमध्ये तसं नाही: 'मी पाद्रे एस आल्तो'. मराठी मन तिथे 'सोन' या अनेकवचनाकडे ओढ घेतं, पण ते लावून 'मिस पाद्रेस सोन आल्तोस' म्हटलं की अर्थ होतो आई-बाबा दोघंही उंच आहेत. वडीलधाऱ्यांशी बोलताना आदर दाखवायला स्पॅनिशमध्ये 'उस्तेद' आहे, तोही तृतीयपुरुषी एकवचनात चालतो. एखाद्याबद्दल बोलताना क्रियापदात आदर दाखवायची सोय नाही. बाबांसाठी एकवचन वापरायला मनाची तयारी करावी लागली आणि ती करताना मराठीचा हा गुण मला पहिल्यांदा नीट दिसला.

आता या धड्याचा गाभा. 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार, आणि माणसाचं वर्णन करताना पावलोपावली त्यांच्यातून निवड करावी लागते. पुस्तकात नियम असा दिला होता की कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम मला कधीच पटला नाही. 'मेलेला आहे' हे 'एस्ता मुएर्तो', म्हणजे एस्तारने सांगतात, आणि मरणाहून कायमचं काय असतं? लग्न झाल्याचंही तसंच: 'मी एर्माना एस्ता कासादा'.

मी मराठी वाक्यं शेजारी मांडली आणि मला एक खूण सापडली. मराठीत जिथे 'झालेला, दमलेली, बसलेले' असं -लेला, -लेली, -लेले असलेलं रूप येतं, तिथे सुरुवातीच्या पातळीवर जवळजवळ नेहमी एस्तार लागतं. बहिणीचं लग्न झालेलं आहे, एस्ता कासादा. बाबा निवृत्त झालेले आहेत, एस्ता खुबिलादो. आई दमलेली आहे, एस्ता कान्सादा. आजी बसलेली आहे, एस्ता सेन्तादा. आणि उंच, प्रेमळ, हुशार, गंभीर अशी विशेषणं आली की सेर: एस आल्ता, एस कारिन्योसा. ही खूण किती नेमकी बसते ते आबुरीदो या शब्दात दिसतं. 'एस आबुरीदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे; 'एस्ता आबुरीदो' म्हणजे तो कंटाळलेला आहे. स्पॅनिशने क्रियापद बदलून केलेला फरक मराठी विशेषणातच करते. अर्थात काही देशांत लग्न झाल्याचं सांगताना 'एस कासादा' असंही म्हणतात, तेव्हा ते ऐकून गोंधळायचं कारण नाही.

प्रश्न विचारतानाही हाच भेद सांभाळावा लागतो. 'आई कशी आहे?' हा मराठी प्रश्न तब्येतीबद्दलही असू शकतो आणि स्वभावाबद्दलही. 'कोमो एस्ता तु माद्रे?' म्हणजे तिची तब्येत, तिचं बरं-वाईट. 'कोमो एस तु माद्रे?' म्हणजे ती दिसते कशी, वागते कशी. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्यासाठी बसून विचार करावा लागतो, आणि वर्णनाचा अख्खा धडा म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

वयासाठी 'तेनेर', म्हणजे जवळ असणे, हे क्रियापद लागतं: 'मी अबुएला तिएने ओचेन्ता आन्योस', आजीकडे ऐंशी वर्षं आहेत. मला ही मांडणी सुंदर वाटते. वर्षं जणू माणसाने साठवलेली असतात. आन्योसमधल्या न्यवर स्पॅनिशमध्ये वर एक नागमोडी रेघ असते. ते स्वतंत्र अक्षर आहे आणि ती रेघ सुटली तर शब्दाचा अर्थ भलताच अश्लाघ्य होतो, म्हणून टाइप करताना कीबोर्डवर ते अक्षर आधी शोधून ठेवावं. आकडे सोपे आहेत. आपल्याकडे शंभरपर्यंतच्या प्रत्येक संख्येचं नाव वेगळं; त्यांच्याकडे तिसानंतर दशक, मग 'इ' (आणि), मग एकक. डोळे-केसांनाही तेनेर: 'तिएने एल पेलो कोर्तो', तिचे केस आखूड आहेत. चष्म्याला स्पेनमध्ये 'येबा गाफास' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'उसा लेन्तेस'.

विशेषणांची वळणं मराठी माणसाला शिकवावी लागत नाहीत. मोठा-मोठी-मोठे बदलतं आणि हुशार बदलत नाही, हे आपल्या जिभेवर आहेच. तिकडे आल्तो-आल्ता बदलतं, इन्तेलिखेन्ते बदलत नाही. कष्टाळूसाठी त्राबाखादोर-त्राबाखादोरा आहे. खरा प्रश्न शब्द निवडण्याचा. म्हाताऱ्या माणसाला 'बिएखो' म्हणण्यापेक्षा 'मायोर' म्हणणं सभ्य. जाडला 'गोर्दो', पण 'गोर्दीतो' म्हटलं की त्यात माया येते. ठेंगण्याला बाखोऐवजी 'बाखीतो'. हा -ईतो, -ईता प्रत्यय घरगुती स्पॅनिशचा प्राण आहे. अबुएलीता म्हटलं की आजी आणखी जवळची होते.

याहून मोठा आनंद पुढे होता. स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असेल तर त्याआधी 'आ' लावतात. 'मी घर पाहते' याला आ नको, पण 'मी आजीला पाहते' याला हवा: 'बेओ ला कासा', 'बेओ आ मी अबुएला'. इंग्रजीतून शिकणारे या नियमाशी बरेच दिवस झगडतात. आपण तर मुळातच 'घर' आणि 'आजीला' असं म्हणतो! 'ला' जिथे येतो तिथे 'आ' येतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. तेनेर मात्र अपवाद: 'तेन्गो उना एर्माना', इथे आ नाही. आणि 'आवडणे' तर जणू मराठीतूनच उचललेलं. 'आईला वाचायला आवडतं' म्हणजे 'आ मी माद्रे ले गुस्ता लेएर'. 'आईला पुस्तकं आवडतात' म्हणजे 'आ मी माद्रे ले गुस्तान लोस लीब्रोस'. आईला हा 'ला', आवडणारी वस्तू अनेक झाली की क्रियापदाचं अनेकवचन, सगळी रचना तीच. वर्गातले बाकीचे तक्ते पाठ करत होते तेव्हा मी आवडीनिवडींची पानंच्या पानं लिहीत होते.

आडनावांची रीत थोडक्यात सांगते, कारण ओळख करून देताना ती लागते. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, परंपरेने पहिलं वडिलांचं आणि दुसरं आईचं. स्पेनमध्ये आता आई-वडील हा क्रम आपसात ठरवू शकतात. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. चित्रकार पाब्लो रुइस पिकासो याचे वडील रुइस आणि आई पिकासो. जगभर तो आईच्या आडनावाने ओळखला जातो.

चित्रांचा विषय निघालाच आहे, तर माझा सगळ्यात आवडता सराव सांगते. घरच्यांची वर्णनं लिहून झाली की शब्द संपतात. आपल्या घरात सगळीच नाती हाताशी नसतात. तेव्हा प्रोफेंनी स्पॅनिश चित्रकार गोयाचं 'चौथ्या कार्लोसचं कुटुंब' हे १८०० सालचं चित्र समोर ठेवलं. मूळ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. एकाच कॅनव्हासवर सगळं राजघराणं उभं आहे. मधोमध राणी मारिया लुइसा, तिच्या दोन बाजूंना धाकटी मुलं: 'ला रेइना एस्ता एन एल सेन्त्रो, कोन दोस ईखोस'. जागा सांगायची म्हणून एस्तार. शेजारी राजा, त्याच्या मागे त्याचा भाऊ. डावीकडे थोरला राजपुत्र फेर्नान्दो निळ्या पोशाखात, त्याच्या मागे राजाची वयस्क बहीण. उजव्या टोकाला मुलगी, जावई आणि तिच्या हातात तान्हं मूल, म्हणजे येर्नो आणि निएतो एकाच जागी. फेर्नान्दोशेजारी एक तरुणी तोंड फिरवून उभी आहे. ती त्याची होणारी बायको असावी, असं सामान्यतः मानलं जातं. ती घरात यायची होती, म्हणून चेहरा रंगवलेला नाही. ला फुतूरा नुएरा, होणारी सून! आणि मागे अंधारात, मोठ्या कॅनव्हासपाशी, स्वतः गोया. सासू, सासरे, नणंद, दीर, आत्या, आजी, नातू: कोण कुणाचं कोण, हे प्रत्येकाच्या बाजूने पुन्हा पुन्हा सांगायचं. राणी कुणाची सासू? जावई फेर्नान्दोचा कोण? पुस्तकातल्या वंशवृक्षाच्या चौकटींपेक्षा हे शतपटीने जिवंत आहे आणि चित्र इंटरनेटवर सहज बघता येतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अभ्यासक्रमाने नीट केली नाही, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या पातळीवर फक्त वर्तमानकाळ असतो. माझे आजोबा आता नाहीत. त्यांच्याबद्दल 'एस आल्तो' लिहायला हात होईना आणि त्यांना वगळून कुटुंबाचं वर्णन पूर्ण होईना. 'एस्ता मुएर्तो' व्याकरणात बसतं, पण आपल्या माणसाबद्दल ते फार कोरडं वाटतं. लोक 'मुरिओ', वारले, किंवा त्याहून सौम्य 'फायेसिओ' म्हणतात, किंवा 'या नो एस्ता कोन नोसोत्रोस', आता आमच्यात नाहीत. मी प्रोफेंना विचारलं आणि त्यांनी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन तीन शब्द दिले: एरा, तेनिया, ले गुस्ताबा. होते, त्यांचे अमुक होते, त्यांना आवडायचं. 'मी अबुएलो एरा आल्तो इ सेरिओ. तेनिया लोस ओखोस क्लारोस. ले गुस्ताबा कामिनार.' उंच आणि गंभीर होते, डोळे घारे होते, त्यांना चालायला आवडायचं. या भूतकाळात अनियमित क्रियापदं फक्त तीन आहेत, सेर, इर आणि बेर. तो वर्तमानकाळापेक्षा सोपाच आहे. वर्गातल्या कितीतरी जणांना आजी, आजोबा, आई किंवा वडील नाहीत. ही तीन रूपं कुटुंबाच्या धड्यातच द्यायला हवीत, व्याकरणाच्या क्रमात ती पुढे येतात म्हणून तिथवर थांबू नये.

लिहिणं जमलं की बोलायचं. मी ऑनलाइन संभाषणासाठी एक कोलंबियन जोडीदारीण शोधली. मी तिला इंग्रजीत मदत करते, ती मला स्पॅनिशमध्ये. तिच्या घरात सख्खी भावंडंसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात आणि त्यात दुरावा नसतो. कोलंबियाच्या काही भागांत ही रीत आहे. अर्जेंटिनात हेच 'तिएनेस' 'तेनेस' होतं, कारण तिथे तू-साठी 'बोस' चालतं. 'बोसोत्रोस' स्पेनमध्ये, लॅटिन अमेरिकेत अनेकांशी बोलताना 'उस्तेदेस'. पहिल्या पायरीवर हे सगळं बोलता आलं नाही तरी कानाला ओळखीचं हवं.

तयार परिच्छेद म्हणून दाखवण्यात फारसा अर्थ नसतो, हे पहिल्याच संभाषणात कळलं, कारण समोरचं माणूस मध्येच विचारतं. बहीण काय करते? ('एस प्रोफेसोरा' म्हणायचं, व्यवसाय सांगताना 'उना' लागत नाही. चांगली शिक्षिका म्हटलं की मात्र लागतो: 'एस उना बुएना प्रोफेसोरा'.) कुठे राहते? तुझ्यासारखी दिसते का? या शेवटच्यासाठी 'सेर पारेसीदा आ', म्हणजे सारखी असणे: 'सोय पारेसीदा आ मी माद्रे'. इथेही तो 'आ'.

हल्ली ती मला एकच प्रश्न वेगवेगळ्या नात्यांबद्दल विचारते: 'ते येबास बिएन कोन तु एर्माना?' तुझं बहिणीशी चांगलं जमतं का? 'येबार्से बिएन कोन' हा प्रयोग पुस्तकात फार उशिरा येतो, पण कुटुंबाबद्दल बोलायचं तर तो पहिल्या आठवड्यातच हवा. माझं उत्तर सध्या एवढं तयार आहे: 'सी, मे येबो मुय बिएन कोन एया, पेरो सोमोस मुय दिफेरेन्तेस. एया एस त्रान्किला, यो नो.' आमचं छान जमतं, पण आम्ही फार वेगळ्या आहोत. ती शांत आहे, मी नाही. पुढच्या वेळी ती 'पोर के?', म्हणजे का, असं विचारणार आहे, आणि त्यासाठी मी 'पोर्के', म्हणजे कारण, लावून कारणं सांगणारी वाक्यं बसवते आहे.